फड्या निवडुंग व दुधाळ निवडुंग : ओळख आणि उपयोग

ठाणे, कल्याण, मुरबाड व शहापूर या भागांत शेताच्या वईसाठी ज्या काटेरी वनस्पती लावल्या जातात, त्यांपैकी बहुतेकींना सर्रास ‘निवडुंग’ हे एकच नाव दिले जाते. वस्तुतः या एका नावाखाली दोन अगदी भिन्न कुळे नांदत आहेत. एका कुळातील वनस्पती टंचाईच्या दिवसांत जनावरांना आधार देते. दुसऱ्या कुळातील वनस्पतीचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीला धोका पोहोचतो. म्हणून कुंपण तोडण्यापूर्वी अथवा चाऱ्यासाठी कोयता चालविण्यापूर्वी ही ओळख पक्की करून घेणे अगत्याचे आहे.

फड्या निवडुंग हा खऱ्या निवडुंग कुळातील होय. त्याची मूळ भूमी अमेरिका खंड. मिनगुट, तिधारी निवडुंग व शेर या वनस्पती मात्र एरंडाच्या कुळातील आहेत. कोरड्या हवेत तग धरण्यासाठी दोन्ही कुळांनी खोडात पाणी साठविण्याचा एकच मार्ग धरला, त्यामुळे रूप सारखे झाले एवढेच.

ओळखण्याची खूण सोपी आहे. फड्या निवडुंगाच्या चपट्या, हिरव्या फडीला आपण पान समजतो. पण ते खोड आहे. खरी पाने कोवळ्या फडीवर बारीक टोकदार कोंबांसारखी येतात व लवकरच गळून पडतात. फडीवर ठरावीक अंतराने लोकरी ठिपके असतात आणि काटे त्या ठिपक्यांतूनच निघतात. मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसांसारखी बारीक कुसे असतात. त्यांना उलटे दाते असल्याने ती कातडीत शिरली की सहजी निघत नाहीत. फडी कापली असता पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो, दूध येत नाही. याउलट मिनगुटाचे काटे जोडीजोडीने असतात, पावसाळ्यात त्याला मांसल पाने फुटतात व कोठेही खरवडले तरी पांढरा चीक गळतो. शेराला तर काटेच नसतात. पण चीक तितकाच दाहक असतो. चीक डोळ्यांत गेल्यास डोळे न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत व विनाविलंब डॉक्टर गाठावा.

सुमारे अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात वाळवंटी वनस्पती जगते कशी, असा प्रश्न कोणासही पडेल. याचे उत्तर कातळात आहे. उथळ मातीच्या कातळावरून पाणी लगेच वाहून जाते आणि पुढचे आठ महिने तेथे जणू वाळवंटच असते. फड्या निवडुंगाची मुळे खोल न जाता जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात आणि थोड्याशा ओलाव्यानेही त्यांना नवे तंतू फुटतात. शिवाय इतर झाडे दिवसा श्वासरंध्रे उघडतात, तर हा ती रात्री उघडतो. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने साठवून दिवसा उन्हात त्याचे अन्न करतो. त्यामुळे पहाटे कापलेली फडी आंबट लागते आणि सायंकाळपर्यंत तो आंबटपणा ओसरतो. भातखाचरातील साचलेले पाणी मात्र त्यास मुळीच मानवत नाही.

मोडलेली फडी जमिनीला टेकली की मुळे धरते. पक्षी फळे खाऊन बी दूर नेतात. अशा प्रसारामुळे एके काळी दक्षिण भारतात याने हजारो एकर जमीन व्यापली होती. तिचा निकाल कोयत्याने लागला नाही. तो एका कीटकाने लावला. १७९५ साली लाल रंगाच्या व्यापारासाठी कॅप्टन नील्सन याने ब्राझीलमधून किरमिजी किडा कलकत्त्यास आणला. रंग निकृष्ट निघाला, पण किड्याने निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. इतर जातींना त्याने तोंडही लावले नाही. त्यांच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणावा लागला आणि पाचसहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टर जमीन मोकळी झाली. हे किडे मिनगुट वा शेराच्या वाटेस जात नाहीत.

हा इतिहास आज बिनकाटी निवडुंग लावणाऱ्यांच्या कामाचा आहे. उरुळीकांचन येथील बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी अशा निवडुंगावर काम केले आहे. १९२६ सालचा तो किडा बिनकाट्या जातीवरही पडतो. तेव्हा जवळच्या जंगली निवडुंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास एक पुंजका काडीने चिरडून पाहावा. गडद लाल रस निघाल्यास तेथे लागवड करू नये.

लागवडीसाठी खाचर सोडून निचऱ्याची वरकस जमीन अथवा उतार निवडावा. पाऊस सरल्यावर फड्या काही दिवस सावलीत ठेवून कापाची जखम सुकू द्यावी व मग एकतृतीयांश भाग मातीत राहील अशा उभ्या लावाव्यात. फडीत बहुतांश पाणीच असते, प्रथिने थोडी. नुसती फडी खाऊन जनावरे पातळ हगतात, म्हणून तुकडे करून भाताच्या पेंढ्यात मिसळूनच घालावी. जंगली फडीचे काटे व कुसे आगीवर पूर्ण भाजून घ्यावीत. अर्धवट भाजलेल्या फडीने जनावराचे तोंड व जीभ जखमी होते. तोडलेल्या फड्यांचे तुकडे ओढ्यात फेकू नयेत, कारण पाण्याबरोबर ते जेथे अडकतील तेथे नवे बेट उभे राहते.