कुत्र्या-मांजरांची नसबंदी : केव्हा करावी?

मादीला एकदा तरी पिले होऊ द्यावीत, मग शस्त्रक्रिया करावी, असा पुष्कळ कुटुंबांचा समज असतो. त्याला शास्त्राचा आधार नाही.

मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते व सुमारे ६३ दिवसांत विते. म्हणून पाच महिने पुरे होण्याच्या आत तिची शस्त्रक्रिया करणे इष्ट. बोक्याचीही याच सुमारास केल्यास त्याचे भटकणे व मारामाऱ्या कमी होतात.

कुत्री बहुधा सहा ते बारा महिन्यांत प्रथम माजावर येते. तत्पूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास सडांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो. उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकारही टळतो. मात्र लॅब्राडॉर, अल्सेशियन अशा मोठ्या चणीच्या जातींची हाडे सावकाश भरतात. फार लवकर घाई केल्यास सांध्यांचे विकार बळावू शकतात. तेथे वर्ष-दीड वर्ष थांबावे की कसे, हे पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवावे. ऐन माजात रक्तस्रावाचा धोका अधिक, म्हणून तो काळ टाळावा.

नकोशी पिले पोत्यात घालून बाजारात सोडून येणे ही भूतदया नव्हे. वेळीच केलेला विचार हीच खरी दया होय.