जनावरांची झूल : निवड आणि निगा



गाळपाचा हंगाम ऐन भरात येतो तो नेमका थंडीच्या दिवसांत. मार्गशीर्ष-पौषात कृष्णा-कोयनेच्या काठाला पहाटे धुकं आणि दंव पडतं. मलकापूर-कराड भागात पारा कधी कधी दहा-बारा अंशांवर उतरतो. ट्रॅक्टर वाढले, तरी उसाच्या बैलगाड्या अजून बंद झालेल्या नाहीत. भरली गाडी ओढून घामाघूम झालेली जोडी गाडीतळावर पाळी येईपर्यंत उघड्यावर उभी राहते. गाडीवानाचं सगळं भांडवल म्हणजे ती जोडी. पुष्कळदा ती उचल घेऊन केलेली असते. ऐन हंगामात एक बैल बसला, की गाडी थांबली आणि घराचं गणितही थांबलं.

आपल्याकडे झुली दोन तऱ्हेच्या. एक बेंदराला मिरवायची. मखमलीची, आरसे लावलेली, गोंड्यांची. तिच्यावर आपण हौसेनं पैसा घालतो आणि वर्षभर ती ट्रंकेत ठेवतो. दुसरी पांघरायची. तिच्या वाट्याला मात्र कोपऱ्यात पडलेलं ओलं, फाटकं पोतं येतं. या लेखात दुसऱ्या झुलीचा विचार करायचा आहे. बैलाला खरा उपयोग तिचाच.

झुलीचं काम काय?

जनावराच्या अंगावरचे केस कोरडे असले, की त्यांच्यात हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. केस घामानं किंवा दंवानं चिकटले, की ही हवा निघून जाते आणि वारा थेट कातडीला लागतो. मग खाल्लेला चारा अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतो आणि बैल अंग धरत नाही. झूल वारा आणि दंव अडवते, एवढंच तिचं काम. म्हणून ध्यानात ठेवायची गोष्ट एकच : झूल जाड असण्यापेक्षा कोरडी असणं महत्त्वाचं. ओली झूल अंगावर असण्यापेक्षा नसलेली बरी.

हेही सांगितलं पाहिजे, की कोरड्या, आडोशाच्या गोठ्यातल्या धडधाकट बैलाला आपल्याकडच्या थंडीत बहुधा झूल लागत नाही. अंगाखाली चार बोटं कोरडं पाचट आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा, हे आधी करावं. पाचट पेटवून देण्यापेक्षा हा उपयोग केव्हाही चांगला. झूल लागते ती उघड्यावर बांधलेल्या, घामेजलेल्या, आजारी, म्हाताऱ्या किंवा नुकत्या जन्मलेल्या जनावराला. संकरित गाईंची वासरं थंडीत जपावी लागतात. त्यांना आधी पुसून कोरडं करावं आणि मग झूल घालावी.

कापड कोणतं घ्यावं?

तरट म्हणजे गोणपाट हे सगळ्यात स्वस्त आणि सोयीचं. हवा खेळती राहते, दाभण-सुतळीनं घरी शिवता येतं. मात्र ते पाणी पितं आणि जड होतं. आतून जुन्या सुती लुगड्याचं अस्तर लावून वाकळेसारखं शिवलं, तर अंगाला टोचत नाही. अशी झूल गोठ्यात किंवा छपराखाली चांगली.

घोंगडी महाग, पण तिला तोड नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे कडक असते, ती वापरून मऊ होते. आपल्या अंगावरून उतरलेली जुनी घोंगडी असेल, तर ती बैलाला द्यावी.

प्लास्टिकचं पोतं किंवा कागद थेट अंगावर घालू नये. आतला घाम बाहेर जात नाही आणि पहाटे बैल आतून भिजलेला सापडतो. पावसात वापरायचंच झालं, तर खाली तरट आणि वर प्लास्टिक असं घालावं, आणि पाऊस थांबताच वरचं काढावं.

खताचं किंवा औषधाचं पोतं मात्र कधीच वापरू नये. जनावरं एकमेकांना चाटतात. युरिया पोटात जास्त गेला, तर जनावर तासा-दोन तासांत दगावू शकतं. कीटकनाशकाचं पोतं तर धुऊनही घेऊ नये.

माप आणि बांधणी

आधी सुतळीनं माप घ्यावं. लांबी वशिंडाच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत. रुंदी एका बाजूच्या पोटाच्या कडेपासून पाठीवरून दुसऱ्या बाजूपर्यंत. खिलार बैल लांब अंगाचा असतो, त्याला किती पोती लागतील ते मापावरून ठरवावं. झूल वशिंडावर ताणून घालू नये. घालायचीच तर तेवढी फट ठेवावी. जू बसतं तो खांदा मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर आधीच दुखऱ्या जागी झूल घासते.

इथं घोड्याचा आणि बैलाचा एक फरक ध्यानात घ्यावा. घोडा उठताना पुढचे पाय आधी रोवतो. बैल मागचा भाग आधी उचलतो आणि पुढं गुडघ्यावर असतो. त्यामुळं बैलाची झूल दर वेळी मानेकडं घसरते. म्हणून छातीपुढचा बंद आणि पोटाखालचा बंद यांबरोबर शेपटीखालून एक मऊ दोरीही घ्यावी. पोटाखालच्या बंदात आडवा हात सहज जावा. गाठ एका ओढीत सुटेल अशी मारावी, म्हणजे पाय अडकला तर जनावर लगेच सोडवता येतं.

घालावी केव्हा, काढावी केव्हा?

जू सोडल्या सोडल्या झूल टाकू नये. आधी वाळल्या काडानं किंवा कोरड्या तरटानं अंग खसखसून पुसावं, जोडी थोडी फिरवावी, घाम जिरला की झूल घालावी. रात्री एकदा झुलीखाली हात घालून बघावा. अंग घामेजलं असेल, तर झूल जास्त झाली. बैल थरथरत असेल, कान गार पडले असतील, तर ऊब कमी पडते आहे. संध्याकाळी वाढ्याबरोबर थोडी कोरडी वैरणही द्यावी. वैरण पोटात कुजते, त्यातूनही ऊब तयार होते.

ऊन वर आलं की झूल काढावी. काढल्यावर पाठीवरून, बगलेतून, वशिंडाभोवती हात फिरवावा. झुलीखाली जखम झाकली जाते, गोचीड वाढतात आणि बैल खंगत चालला तरी दिसत नाही. गाडीतळावर शेकोटी असेल, तर झूल घातलेली जोडी तिच्यापासून लांब बांधावी. तरट ठिणगीनं पेट घेतं.

निगा

प्रत्येक जनावराला शक्यतो दोन झुली असाव्यात. एक अंगावर, एक उन्हात. रोज झटकून, केस झाडून उलटी वाळवावी. पंधरवड्यानं धुवावी. साबण राहिला तर खाज सुटते, म्हणून चांगली खळबळावी. विहिरीत किंवा पाटात मात्र धुऊ नये. तरट आणि सुती कापड उकळत्या पाण्यात घालता येतं. घोंगडीला गरम पाणी लावू नये आणि ती पिळूही नये, नाहीतर आटते.

एकाची झूल दुसऱ्याला घालू नये. गजकर्ण, खरूज, उवा झुलीतून पसरतात. गजकर्ण माणसालाही लागतं. २०२२ साली लम्पी चर्मरोग राज्यभर पसरला. तो मुख्यतः माश्या, डास, गोचीड यांमुळं पसरतो. तरी आजारी जनावराची झूल, दावं, भांडी वेगळीच ठेवावीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

हंगाम संपला की झुली धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून दांडीवर टांगाव्यात. खताच्या पोत्यांशेजारी किंवा जमिनीवर ठेवू नयेत. बंद तुटले असतील तर तेव्हाच शिवावेत. मोळी टाकण्याच्या दिवशी दाभण शोधायला वेळ मिळत नाही.

बेंदराची झूल जरूर करावी. पण तिच्या खर्चातला थोडा भाग पौषातल्या झुलीसाठी आधी बाजूला काढावा, एवढीच सभासद बंधु-भगिनींना विनंती.