संगणक सुरक्षेचे क्षेत्र : विद्या, परवानगी आणि उपजीविका

वर्तमानपत्रात ‘हॅकर’ हा शब्द बहुधा एखाद्या चोरीच्या बातमीबरोबर येतो. कोणाच्या खात्यातील रक्कम नाहीशी झालेली असते, कोठे एखाद्या कार्यालयाचे संगणक बंद पडलेले असतात. त्यामुळे घरातील मुलाने किंवा मुलीने ‘मला हॅकिंग शिकायचे आहे’ असे म्हटले की पालकांच्या कपाळावर आठी पडते, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच मुलांना मोबाइलच्या पडद्यावर मात्र ‘तीन महिन्यांत हॅकर व्हा आणि लाखो कमवा’ अशा जाहिराती दिसत असतात. ही भीती आणि ही भुरळ या दोहोंच्या मध्ये एक खरे, कष्टाचे आणि प्रतिष्ठेचे व्यवसायक्षेत्र उभे आहे. काही प्रत्यक्ष व्यक्तींच्या कारकिर्दींच्या आधारे त्याची ओळख करून देण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

हा शब्द मुळात चोरासाठी नव्हता. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १९६० च्या आसपास आगगाडीच्या लहान प्रतिकृती चालविणारे विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. यंत्र उघडून ते कसे चालते हे समजून घेणाऱ्या आणि त्यातून काही नवे करून दाखविणाऱ्या विद्यार्थ्याला त्या मंडळात हॅकर म्हणत. पुढे संगणक एकमेकांना जोडले गेले, त्यांत पैसा आणि गुपिते साठू लागली, तेव्हा त्याच जिज्ञासेला दोन वाटा फुटल्या. एक वाट घरफोडीकडे गेली, दुसरी राखणदारीकडे. दोन्ही वाटांवरील माणसांची विद्या मात्र एकच आहे.

दुबळी जागा म्हणजे काय?

संगणकात शिरणे म्हणजे काही जादू नव्हे. प्रत्येक यंत्रणा माणसाने रचलेली असते आणि रचताना काही गोष्टी नजरेतून सुटतात. त्या हेरणे हेच या विद्येचे सार होय. तमिळनाडूतील संशोधक लक्ष्मण मुथय्या यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. इन्स्टाग्रामचा पासवर्ड विसरला तर मोबाइलवर सहा अंकी संकेतांक येतो. सहा अंकांचे एकूण १० लाख पर्याय होतात आणि संकेतांक १० मिनिटे चालतो. एका ठिकाणाहून फार प्रयत्न होऊ लागले तर यंत्रणा ते अडवीत असे. परंतु हजारो वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकाच वेळी थोडेथोडे प्रयत्न केले तर काय होईल, असा प्रश्न मुथय्या यांना पडला. १,००० यंत्रांवरून २ लाख संकेतांक पाठवून त्यांनी ते अडविले जात नाहीत हे सिद्ध केले. म्हणजे पुरेशी यंत्रे हाताशी असली तर कोणाचेही खाते ताब्यात घेता आले असते. त्यांनी ही गोष्ट कंपनीस कळविली, कंपनीने ती दुबळी जागा बुजविली आणि २०१९ मध्ये त्यांना ३०,००० डॉलरचे पारितोषिक दिले.

या उदाहरणात अवघड गणित नाही. पायरीपायरीने विचार करण्याची सवय, ‘असे केले तर काय?’ हा प्रश्न आणि तो तडीस नेण्याची चिकाटी एवढेच आहे. वर्गातील ज्या मुलाला आपण ‘फार प्रश्न विचारतो’ म्हणून गप्प बसवितो, त्याच्याकडे कदाचित हेच भांडवल असते.

७५ सेंटचा फरक

चिकाटीचे याहून बोलके उदाहरण क्लिफर्ड स्टोल यांचे आहे. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचे अनुदान संपल्यामुळे १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संगणक विभागात त्यांची नेमणूक झाली. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येतो, तो शोधून काढा, असे काम त्यांच्याकडे आले. एवढ्याशा रकमेकडे दुर्लक्ष करणे सोपे होते. स्टोल यांनी ते केले नाही. कोणी तरी परका माणूस प्रयोगशाळेचे संगणक वापरीत आहे हे त्यांच्या ध्यानी आले. त्याची प्रत्येक हालचाल कागदावर छापली जावी म्हणून त्यांनी छपाईयंत्रे जोडली, रोजच्या नोंदी वहीत लिहिल्या आणि त्या माणसाला दीर्घकाळ गुंतवून ठेवण्यासाठी लष्करी भासणारी खोटी कागदपत्रे संगणकात पेरली. अनेक महिन्यांनी माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. मार्कुस हेस हा तरुण अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबीला विकत होता.

आजही या क्षेत्रातील बहुतेक काम असेच चालते. चित्रपटात दिसते तशी धावपळ क्वचितच असते. नोंदी वाचणे, लहान विसंगती टिपणे आणि पुरावा नीट जपणे यांतच दिवस जातो.

परवानगीची रेघ

राखणदार आणि घरफोड्या यांची विद्या एकच असेल तर त्यांच्यात भेद कशाचा? परवानगीचा. आपल्या देशाचा २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा हीच कसोटी लावतो. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे, माहिती उचलणे किंवा हानी पोहोचविणे कलम ४३ मध्ये येते. आणि ते अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पंचशीलातील दुसऱ्या शीलाचा शब्दार्थही ‘जे दिलेले नाही ते घेण्यापासून अलिप्त राहणे’ असाच आहे. दार उघडे आढळले म्हणून आत जाण्याचा अधिकार मिळत नाही.

ही रेघ ओलांडल्याने काय होते, हे तिघांच्या चरित्रांतून दिसते.

कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये स्वतःहून पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. तो त्यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने वाढला आणि अंदाजे ६,००० संगणक त्याच्या तावडीत सापडले. न्यायालयाने त्यांना ३ वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड ठोठावला. पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले.

केविन मिटनिक यांचे मुख्य हत्यार संगणकापेक्षा टेलिफोन हे होते. आपण त्याच कंपनीचे कर्मचारी आहोत असे भासवून ते समोरच्याकडून गुप्त माहिती काढून घेत. १९९५ मध्ये त्यांना अटक झाली आणि सुमारे ५ वर्षे तुरुंगात गेली. सुटकेनंतर ते सुरक्षा सल्लागार झाले आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत कंपन्यांना हेच सांगत राहिले की सर्वांत दुबळी जागा यंत्रात नसते, माणसाच्या विश्वासात असते. आज ‘बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा’ म्हणून येणारे फोन त्याच जातीचे आहेत.

तिसरे ब्रिटनमधील मार्कस हचिन्स. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणक ग्रासले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. त्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला एक विचित्र इंटरनेट पत्ता हचिन्स यांना दिसला. तो पत्ता कोणाच्याच नावावर नव्हता. त्यांनी सुमारे १० डॉलर भरून तो आपल्या नावे नोंदविला आणि साथ थांबली. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच त्यांना अमेरिकेत अटक झाली, कारण पूर्वी बँक खाती लुटण्यासाठी वापरले जाणारे प्रोग्रॅम लिहिण्यात त्यांचा हात होता. त्यांनी गुन्हा कबूल केला. न्यायालयाने आणखी तुरुंगवास दिला नाही, परंतु खटला संपेपर्यंत दोन वर्षे त्यांना परक्या देशात काढावी लागली.

तिघांनाही दुसरी संधी मिळाली. मात्र ही चरित्रे वाचून ‘आधी गुन्हा, मग मोठी नोकरी’ असा क्रम कोणी मनात बसवू नये. मॉरिस यांचे वडील स्वतः अमेरिकी सरकारच्या सेवेतील वरिष्ठ संगणकतज्ज्ञ होते. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुले घराण्यातील पहिली पदवीधर होणार आहेत. वकील उभा करणे, जामिनाची तजवीज करणे, खटला संपेपर्यंत घर चालविणे हे सारे त्यांच्या आईवडिलांच्या आवाक्याबाहेरचे असते. नोकरीपूर्वीच्या पोलीस पडताळणीत एक गुन्हा नोंदलेला आढळला तर पुढची वाट तेथेच खुंटू शकते. म्हणून ही रेघ आपल्या मुलांना इतरांपेक्षा अधिक ठळक दिसली पाहिजे.

राखणदारांना आमंत्रण

परवानगी घेऊन हीच विद्या वापरण्याची सोय आता मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१६ मध्ये आपली काही संकेतस्थळे तपासण्यास तज्ज्ञांना जाहीर आमंत्रण दिले. १,४०० हून अधिक जणांनी नावे नोंदविली आणि १३८ खऱ्या त्रुटी हाती लागल्या. ही पद्धत रुजविण्यात केटी मुसूरिस या तज्ज्ञ महिलेचा मोठा वाटा आहे. अर्जेंटिनाचा सांतियागो लोपेझ हा तरुण इंटरनेटवरून स्वतः शिकला आणि वयाच्या १९ व्या वर्षी, २०१९ मध्ये, अशा पारितोषिकांतून १० लाख डॉलरचा टप्पा गाठणारा हॅकरवन या मंचावरील पहिला ठरला. असे यश अपवादात्मक असते हे मात्र ध्यानात ठेवावे. पारितोषिकांवर घर चालत नाही. घर चालते ते नियमित नोकरीवर.

अशा नोकऱ्यांची गरज आपल्या राज्याने जवळून पाहिली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएममधून एकाच वेळी पैसे काढले गेले. या प्रकरणी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. भारतात बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभी राहिलेली माणसे अखेर गजाआड गेली. ‘फक्त पैसे काढून दे, तुला वाटा मिळेल’ किंवा ‘तुझे खाते थोडे दिवस वापरू दे’ असे सांगणाऱ्यापासून आपल्या तरुणांनी का दूर राहावे, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये बँकांना आणि २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले. ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून कार्यरत असून, संगणकावरील हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळविणे २०२२ पासून बंधनकारक आहे. नियम आले की ते पाळणारी माणसेही लागतात.

कामे कोणती, सुरुवात कोठून?

या क्षेत्रातील कामे साधारण पाच प्रकारची आहेत. पाळ्यांमध्ये चोवीस तास यंत्रणेवर नजर ठेवणे; नव्याने येणाऱ्यांना बहुधा येथे प्रवेश मिळतो. लेखी परवानगीने यंत्रणा फोडून पाहणे आणि अहवाल देणे. हल्ल्यानंतर नुकसान थोपविणे. जप्त मोबाइल व संगणकांतून न्यायालयात टिकेल असा पुरावा काढणे. आणि संस्था नियम पाळते की नाही याची तपासणी करणे. शेवटच्या कामात कायदा आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनाही वाव आहे. प्रत्येक कामात अहवाल लिहावा लागतो; म्हणून स्वच्छ, नेमके लिहिता येणे येथे फार उपयोगी ठरते.

शिकण्याचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम संगणक एकमेकांशी कसे बोलतात ते, मग लिनक्स ही प्रणाली, मग पायथॉनसारखी एखादी भाषा, आणि त्यानंतर सुरक्षा. पाया नसताना महागडे प्रमाणपत्र घेणे म्हणजे जोते न घालता भिंत उभारणे होय. सरावासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘पिकोसीटीएफ’ ही शालेय वयापासूनची स्पर्धा आणि ‘ओव्हरदवायर’चे खेळ विनामूल्य आहेत. तेथे फोडण्यासाठीच तयार केलेली कुलुपे असतात, त्यामुळे कायदा मोडण्याचा प्रश्न येत नाही. एनपीटीईएलवरील व्याख्यानेही मोफत ऐकता येतात. अभियांत्रिकी पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकसारख्या शासकीय संस्थेचा पदविका अभ्यासक्रम हा एक विश्वासार्ह मार्ग आहे. ‘हमखास नोकरी’ सांगून आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्या वर्गाकडे जाण्यापूर्वी तेथून शिकलेल्या दोघा-तिघांना भेटावे.

पालकांना आमची विनंती आहे की मुलाच्या जिज्ञासेला गुन्ह्याची चाहूल समजू नये. पण तो काय शिकतो आणि कोणाच्या यंत्रावर शिकतो, हे मात्र अवश्य विचारावे. घरातील कोणाची ऑनलाइन फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे बँका, पोलीस दल किंवा संगणक उद्योगात आहेत, त्यांनी वर्षातून एखादा रविवार विद्यालयासाठी राखून ठेवावा. वापरातून बाद झालेले चार संगणक, एक जोडणी आणि शिकविणारा एक जाणता माणूस एवढ्यावर सरावाची खोली उभी राहते. तेथे मुले कुलूप उघडायला शिकतील, आणि कोणाचे कुलूप कोणाला विचारून उघडायचे हेही शिकतील.