डॅफोडिल : फवारणीपूर्वी कंद कापून पाहा

काश्मीर खोऱ्यात मार्च-एप्रिलमध्ये फुलणारे डॅफोडिल हे नर्गिसचेच भावंड असलेले कंदवर्गीय फुलझाड आहे. फुलधारणेसाठी त्यास हिवाळ्यातील प्रदीर्घ थंडी लागते. म्हणूनच काश्मीर व हिमाचल प्रदेशातील उंच भाग त्यास मानवतात. पाने पिवळी दिसताच कीटकनाशक फवारण्याची घाई होते. परंतु या पिकाचे प्रमुख शत्रू पानांवर नव्हे, तर कंदात दडलेले असतात.

लागवड व निगा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, उत्तम निचऱ्याच्या जमिनीत, टणक व निरोगी कंद १० ते १५ सें.मी. खोलीवर लावावेत. सुकलेली फुले खुडावीत, म्हणजे अन्न बीजधारणेत खर्ची पडत नाही. पाने मात्र कापू नयेत. फुलोऱ्यानंतर सुमारे सहा आठवडे हीच पाने पुढील वर्षाच्या फुलासाठी कंदात अन्न साठवतात. त्यानंतरचे पिवळेपण नैसर्गिक होय. कंद काढून सावलीत, हवेशीर जागी सुकवावेत.

निदान

पाने अवेळी पिवळी वा वेडीवाकडी झाल्यास एक संशयित कंद उपटून आडवा कापावा.

- तपकिरी वलये : सूत्रकृमी. पानांवर फिकट पिवळे उंचवटेही दिसतात.
- तळाकडून वर चढणारी तपकिरी कूज : फ्युजेरियम बुरशी.
- पापुद्र्यांमध्ये पांढरट, चकचकीत, संथ कोळी : कंदकोळी. बहुधा जखमी वा कुजक्या कंदांत.
- पोखरलेल्या कंदात एकच जाड अळी : नार्सिसस माशी. ही मूळची युरोपातील कीड असल्याने आयात कंदांबाबत विशेष दक्षता घ्यावी आणि अशी अळी आढळल्यास नमुना कृषी विज्ञान केंद्रास दाखवावा.

उपाय

मऊ पडलेले कंद नष्ट करावेत. कंपोस्टमध्ये टाकू नयेत. व्यावसायिक लागवडीत सुप्तावस्थेतील कंद ४४.४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३ तास बुडवितात. त्यामुळे सूत्रकृमी, कोळी व अळी मरतात. तापमान घटल्यास कीड वाचते, वाढल्यास कंदास इजा होते. म्हणून तापमापी अनिवार्य आहे. कुजके कंद या टाकीत घालू नयेत. पाण्यावाटे बुरशी निरोगी कंदांत पसरते. सूत्रकृमीग्रस्त वाफ्यात डॅफोडिल लगेच पुन्हा लावू नये.

डॅफोडिलचे कंद विषारी असून दिसायला कांद्यासारखे असतात. ते स्वयंपाकघरापासून दूर, नावाची चिठ्ठी लावून ठेवावेत व हाताळताना हातमोजे वापरावेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक बागभेटीत चाकू जवळ बाळगावा. कापलेला एक कंद संपूर्ण वाफा वाचवू शकतो आणि निरर्थक फवारणीचा खर्चही टाळतो.