विश्लेषण : अमेरिकेत ट्रक चालवण्यापूर्वी लेखी परीक्षा कशाची? तयारी कशी करतात?

भारतात वीस वर्षे अवजड वाहन चालवलेला चालकही अमेरिकेत गेला की मालट्रकचा परवाना त्याला पहिल्यापासून काढावा लागतो. परदेशी व्यावसायिक परवान्यांपैकी अमेरिका केवळ कॅनडा आणि मेक्सिकोचे परवाने ग्राह्य धरते. तेथील मालवाहतुकीत भारतीय, विशेषतः पंजाबी चालक मोठ्या संख्येने आहेत. त्यांना पार करावा लागणारा पहिला मोठा टप्पा म्हणजे लेखी परीक्षा. ८० टक्के गुणांची अट आणि रस्त्यावर होणारी इंग्रजीची तपासणी यांमुळे या परीक्षेची तयारी केवळ घोकंपट्टीवर भागत नाही.

हा परवाना कोणासाठी?

पूर्वी अमेरिकेतील अनेक राज्यांत मोटारीच्या साध्या परवान्यावर अवजड ट्रेलरही चालवता येत असे. काही चालक वेगवेगळ्या राज्यांचे परवाने बाळगत. एका परवान्यावर गुन्ह्यांची नोंद झाली की दुसरा पुढे करत. ही पळवाट १९८६ च्या कायद्याने बंद झाली. १ एप्रिल १९९२ पासून अवजड वाहनांसाठी ‘सीडीएल’ म्हणजेच व्यावसायिक वाहनचालक परवाना बंधनकारक झाला. ट्रक आणि ट्रेलरचे मिळून निर्धारित एकूण वजन २६,००१ पौंड (सुमारे ११,८०० किलो) किंवा अधिक असेल आणि त्यात ट्रेलर १० हजार पौंडांहून जड असेल, तर ‘अ’ वर्गाचा परवाना लागतो. वयाच्या १८ व्या वर्षी शिकाऊ परवाना मिळू शकतो. मात्र राज्याची हद्द ओलांडून माल नेण्यासाठी सर्वसाधारणपणे २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

परीक्षेत काय विचारतात?

बहुतेक राज्यांत सामान्य ज्ञानाच्या भागात ५० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि त्यांपैकी ४० बरोबर यावे लागतात. सामान्य ज्ञान म्हणजे येथे वाहनाची तपासणी, माल बांधणे, उतारावर वेग राखणे, धुके व बर्फातील वाहन चालवणे, अपघात आणि आग. ट्रेलर ओढणाऱ्याला जोडवाहनांची आणि एअर ब्रेकची वेगळी परीक्षा द्यावी लागते. एअर ब्रेकची परीक्षा न दिल्यास किंवा तीत नापास झाल्यास परवान्यावर तसे बंधन नोंदले जाते आणि असे ब्रेक असलेले व्यावसायिक वाहन चालवता येत नाही. बहुतांश मोठ्या ट्रकना एअर ब्रेकच असल्याने नोकरीच्या दृष्टीने ही परीक्षा टाळणे परवडत नाही. टँकर, घातक रसायने, प्रवासी वाहतूक यांसाठी आणखी स्वतंत्र परीक्षा आहेत.

पाठांतर का पुरत नाही?

प्रश्नांची भाषा बदलते, त्यामागचे तत्त्व तेच राहते. भरलेला ट्रक लवकर थांबेल की रिकामा? बहुतेक जण ‘रिकामा’ म्हणतात. पुस्तिकेतील उत्तर उलट आहे. ट्रकचे ब्रेक, टायर आणि स्प्रिंग भरलेल्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असतात. रिकाम्या गाडीच्या चाकांची रस्त्यावरील पकड कमी पडते आणि ती जास्त अंतर घेते.

एअर ब्रेकचेही तसेच. ब्रेक दाबल्यावर हवा नळ्यांमधून चाकापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. ताशी ५५ मैल (सुमारे ८८ किमी) वेगात या विलंबामुळेच ३२ फूट अंतर वाढते. धोका दिसणे, पाय ब्रेकवर जाणे आणि प्रत्यक्ष थांबणे हे सारे धरून एकूण अंतर ४५० फुटांहून अधिक, म्हणजे जवळपास १३७ मीटर होते. हे गणित समजलेल्या उमेदवाराला पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवावे, याचे उत्तर पाठ करावे लागत नाही. वाहनाच्या प्रत्येक १० फूट लांबीमागे एक सेकंद आणि वेग ताशी ४० मैलांहून अधिक असल्यास आणखी एक सेकंद, हा नियम त्यातूनच आला आहे.

तयारीचा क्रम कसा असावा?

प्रत्येक राज्याची पुस्तिका मोफत मिळते आणि प्रश्न तिच्यातूनच येतात. त्यामुळे आधी पुस्तिका, मग सराव प्रश्न, हा क्रम सोयीचा. सराव ॲपवरून सुरुवात केली तर उत्तरे लक्षात राहतात, कारणे राहत नाहीत. भारतीयांनी मैल, फूट, पौंड ही मापे अंगवळणी पाडणे आवश्यक. पुलाखालची उंची फुटांत आणि वेगमर्यादा मैलांतच लिहिलेली असते.

लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना मिळतो. त्यानंतर किमान १४ दिवस थांबून प्रत्यक्ष चाचणी देता येते. त्यात निघण्यापूर्वीची वाहन तपासणी, मैदानातील नियंत्रण आणि रस्त्यावरील चालन असे तीन भाग असतात. ७ फेब्रुवारी २०२२ पासून प्रथमच असा परवाना काढणाऱ्यांना या चाचणीआधी केंद्राकडे नोंदणी असलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे.

इंग्रजी का कळीची?

चालकाला इंग्रजी फलक वाचता यावेत, अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देता यावीत, ही अट जुनीच आहे. लेखी परीक्षा अन्य भाषेत घेण्याची मुभा केंद्रीय नियमांनी राज्यांना दिली होती. प्रत्यक्ष चाचणीला मात्र इंग्रजीच लागते. २५ जून २०२५ पासून तपासणीत इंग्रजी अपुरे आढळल्यास चालकाला तिथेच थांबवले जाते. त्याशिवाय, परदेशी नागरिकांना कोणत्या व्हिसावर परवाना द्यायचा, याचे नियम सप्टेंबर २०२५ मध्ये कडक करण्यात आले आणि तो वाद न्यायालयात गेला. त्यामुळे एजंटला किंवा प्रशिक्षण संस्थेला पैसे देण्यापूर्वी आपण पात्र आहोत का, हे राज्याच्या परवाना कार्यालयाकडून तपासून घेणे शहाणपणाचे.

भारतात काय स्थिती?

भारतात मालवाहू वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. लेखी चाचणीत मात्र वाहतूक चिन्हे व नियम, अपघातानंतरची कर्तव्ये, रेल्वे फाटक आणि कागदपत्रे हेच विषय असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के पुरतात. घातक माल नेणाऱ्यांना तीन दिवसांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, पण एअर ब्रेक किंवा माल बांधणीची स्वतंत्र लेखी परीक्षा नाही. घाटात ब्रेक निकामी होऊन होणाऱ्या अपघातांच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. ब्रेक तापतात का आणि उतारावर खालचा गिअर आधीच का टाकायचा, हे अमेरिकेत स्टिअरिंग हाती येण्यापूर्वी कागदावर विचारले जाते. आपल्याकडे ते बहुधा उस्तादाकडून, नाहीतर रस्त्यावरच शिकावे लागते.