सात दिवसांची हमी, सात वर्षांचे झाड

आपल्याकडे झाड लावणे ही नुसती हौस मानली जात नाही. आजोबांनी आंबा लावावा आणि नातवंडांनी तो चाखावा, असा तो पिढ्यांमधला व्यवहार आहे. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ही अत्यंत दीर्घ मुदतीची ठेव. फरक एवढाच, की ठेवीच्या पावतीवर व्याजाचा दर आणि मुदतपूर्तीची तारीख छापलेली असते. रोपाला बांधलेल्या चिठ्ठीवर केवळ एक नाव असते. ते नाव खरे की खोटे, हे कळायला कित्येक वर्षे जावी लागतात. घरपोच मागवलेल्या फळझाडांच्या बाबतीत आमच्या घराला असाच अनुभव आला. तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण त्यात विकणाऱ्याइतकीच माझीही चूक होती.

खोक्यातून आलेली बाग

आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून माळव्यात, देवासला स्थायिक आहे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. वडील शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा घरामागच्या मोकळ्या जागेत आपल्या गावचा हापूस असावा, अशी त्यांची फार इच्छा होती. २०१७ च्या पावसाळ्यात मोबाईलवर एका विक्रेत्याची जाहिरात माझ्या पाहण्यात आली. हातभर उंचीच्या झाडाला लगडलेले केशरी आंबे, शेजारी हसरा माळी, आणि खाली ‘दुसऱ्या वर्षीच फळ’ असे आश्वासन! बाबांना न सांगता मी हापूसची दोन कलमे, कालीपत्ती चिकू, सरदार पेरू आणि ‘उष्ण प्रदेशात येणारे सफरचंद’ अशी पाच रोपे मागवली. पैसे आगाऊ भरले.

आठव्या दिवशी खोके आले. उघडले तेव्हा कुबट वास आला. पाने काळवंडलेली, मुळांभोवती मातीऐवजी नारळाच्या भुश्शाचा मुठीएवढा गोळा, आणि उंची वीतभर. चित्रातील झाडांशी त्यांचे काही नाते असावे असे वाटेना. मी हिरमुसले, बाबा मात्र म्हणाले, “अगं, प्रवासाने माणूससुद्धा कोमेजतो. चार दिवस सावलीत ठेवू, येतील.” त्यांनी खड्डे आधीच खणून घेतले होते. पावतीवर बारीक अक्षरात लिहिले होते, की रोप मेलेले आढळल्यास सात दिवसांत छायाचित्रासह कळवावे. रोपे तेव्हा मेलेली नव्हती, म्हणून आम्ही कळवले नाही.

कोणाचे काय झाले?

सफरचंद महिनाभरात वाळले. त्यात नवल नव्हते. सफरचंदाच्या पारंपरिक जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालील सुमारे हजार तासांची थंडी लागते. कमी थंडीत फळणाऱ्या जाती नाहीत असे नव्हे. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी एचआरएमएन-९९ ही अशी जात विकसित केली आणि त्यासाठी २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परंतु अशी जात खरोखरच अस्तित्वात असल्यामुळे तिच्या नावावर वाटेल ते रोप खपवणे सोपे जाते. आमच्या रोपाच्या चिठ्ठीवर जातीचे नाव नव्हतेच. केवळ ‘सफरचंद’ असे लिहिले होते.

हापूसच्या दोन कलमांपैकी एक पहिल्याच उन्हाळ्यात गेले. दुसऱ्याचा शेंडा वाळला, पण खालून तजेलदार फुटवा आला. चिकूचेही तसेच झाले. बाबांना केवढा आनंद झाला! रोज सकाळी त्या फुटव्यांना पाणी घालून मगच ते चहा घेत.

पेरू मात्र उत्तम निघाला. त्याच्या चिठ्ठीवर ‘सरदार, लखनौ-४९’ असे होते. नावात लखनौ असले तरी या जातीची निवड पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात झाली, हे मला नंतर कळले. तिसऱ्या वर्षी फळे आली. ती मोठी, पांढऱ्या गराची व गोड होती. एकाच खोक्यातून खरे आणि खोटे दोन्ही येऊ शकते, हे त्या पेरूने दाखवून दिले.

कलमाचा जोड आणि त्याखालचे सत्य

येथे थोडे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. हापूसची कोय पेरली तर हापूसच मिळेल, अशी खात्री नसते. त्या कोयीतून उगवणारे रोप परागीभवनातून जन्मलेले असते. आईचे सर्व गुण त्यात उतरतातच असे नाही. म्हणूनच रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची कलमकाडी बांधतात. खालचा भाग तो खुंट, वरचा भाग ती जात. पूर्वी भेट कलमाची पद्धत होती; पुढे कोय कलम व मृदुकाष्ठ कलम रूढ झाले. चांगल्या कलमाला तीन-चार वर्षांत मोहोर दिसू लागतो, तर कोयीच्या झाडाला त्याच्या दुप्पट किंवा अधिक काळ लागतो.

कलमकाडी वाळली आणि जोडाखालून फुटवा आला, तर तो खुंटाचा असतो. तो जोमाने वाढतो, कारण तो स्वतःच्या मुळांवर उभा असतो. अनभिज्ञ माणसाला वाटते, झाड वाचले. वस्तुतः विकत घेतलेले झाड केव्हाच गेलेले असते आणि आपण दुसरेच झाड वाढवत असतो.

चिकूचे कोडे शेजारच्या काकांनी सोडवले. माळव्यात उन्हाळ्यात खिरणी हे छोटे पिवळे फळ आवडीने खाल्ले जाते. काकांनी एकदा पान हाती घेतले आणि टोकाला असलेली खाच दाखवून म्हणाले, “मास्तर, हा चिकू नव्हे, ही खिरणी.” चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. चिकूचे पान टोकाशी निमुळते असते, खिरणीचे टोकाशी रुंद व किंचित खाचदार. तीन वर्षे आम्ही चिकू समजून खिरणीला पाणी घालत होतो.

आंब्याचा निकाल २०२४ च्या उन्हाळ्यात लागला. सात वर्षांनी झाडाला अकरा फळे धरली. बाबांनी ती गवताच्या अढीत पिकवली. पहिले फळ कापले तेव्हा आम्ही सारे भोवती बसलो होतो. कोय मोठी, गर थोडा, धागे दातांत अडकणारे, चव आंबट. बाबांनी फोड संपवली, हात धुतले आणि शांतपणे म्हणाले, “रायवळ आहे.” त्या दिवशी आणखी कोणी काही बोलले नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची सात वर्षे म्हणजे काय, याचा हिशेब करणे मला जमले नाही.

विक्रेत्याचा जुना दूरध्वनी क्रमांक बंद होता. तो चालू असता तरी हमी सात दिवसांचीच होती.

जे कर्जदाराला विचारतो, ते स्वतःला विचारले नाही

या प्रसंगातील माझी खरी खंत निराळी आहे. फळबागेच्या कर्जाचे प्रस्ताव माझ्या टेबलावर येतात. शेतकऱ्याला मी नेमाने विचारते, कलमे कोणत्या रोपवाटिकेतून घेणार, ती मान्यताप्राप्त आहे काय, दरपत्रक व पावती कोठे आहे. हा प्रश्न निव्वळ कागदोपत्री नसतो. १० मीटर अंतरावर लावलेल्या आंब्याची हेक्टरी १०० झाडे बसतात. बागेला उत्पन्न सुरू होईपर्यंतचा काळ लक्षात घेऊन परतफेडीचे हप्ते पुढे ढकललेले असतात. कलमे खोटी निघाली तर हप्ते ठरल्या वेळी सुरू होतात, फळे मात्र येत नाहीत. खड्डे, खत, पाणी, कुंपण आणि मजुरी यांपुढे रोपाची किंमत किरकोळ असते. परंतु सारा खर्च त्या किरकोळ वस्तूच्या खरेपणावर उभा असतो. कर्जदाराला हे समजावून सांगणारी मी, वडिलांच्या बागेसाठी एका चित्रावर विसंबले.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात फळरोपवाटिका व फळरोपांची विक्री यांच्या नियमनासाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार रोपवाटिकेला परवाना आवश्यक असतो. केंद्राच्या १९६६ च्या बियाणे कायद्यातील ‘बियाणे’ या शब्दाच्या व्याख्येतही रोपे व सर्व प्रकारच्या कलमांचा समावेश आहे. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेता दूरच्या राज्यात असला तरी आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सबळ कारण असल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तथापि, कोणताही आयोग भरपाई पैशांत देईल. गेलेली वर्षे परत देणे त्याच्याही हाती नाही. म्हणून सावधगिरी खरेदीपूर्वीच हवी.

रोप घेताना

• शक्यतो कृषी विद्यापीठे, शासकीय रोपवाटिका, कृषी विज्ञान केंद्रे किंवा राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाने मान्यता दिलेल्या रोपवाटिका यांच्याकडूनच कलमे घ्यावीत. घरपोच मागवायची झाल्यास परवाना क्रमांक आधी विचारावा.

• पावतीवर फळाच्या नावासोबत जातीचे व खुंटाचे नाव लिहून घ्यावे. चिठ्ठी, पावती आणि खोके उघडतानाची छायाचित्रे जपून ठेवावीत.

• कलमाचा जोड घट्ट व भरलेला असावा. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहिल्यास खोडाला काच बसतो, म्हणून जोड पक्का झाल्यावर ती सोडावी.

• पिशवीत मुळे गोल गुंडाळलेली असतील, तर असे रोप नाकारावे. अतिशय उंच रोपापेक्षा मध्यम उंचीचे, निरोगी पानांचे रोप बरे.

• जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा तत्काळ काढावा. वरची काडी वाळली असेल, तर कलम गेले असे समजून विक्रेत्याला लगेच लेखी कळवावे.

• जात आपल्या हवामानाची आहे का, हे स्थानिक जाणकारास विचारावे. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या मातीचे आणि समुद्रकाठच्या हवेचेही आहे.

हा शेवटचा मुद्दा बाबांनी माझ्याआधी ओळखला होता. गेल्या वर्षी आम्ही त्या रायवळाच्या बहुतेक फांद्या छाटल्या. नवी फूट आल्यावर पावसाळ्यात, परिचित रोपवाटिकेतील माळ्याला बोलावून तिच्यावर आम्रपालीच्या काड्या बांधून घेतल्या. दशहरी व नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ही जात आमच्या हवेला मानवेल, असे त्याचे मत पडले. मुळे सात वर्षांची असल्याने फळासाठी पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागणार नाही.

एक फांदी मात्र बाबांनी छाटू दिली नाही. “ती राहू दे. लोणच्याला रायवळच लागतो,” ते म्हणाले. खिरणीही जागच्या जागी आहे. माळ्याने बांधलेल्या नऊ काड्यांपैकी सहा जगल्या आहेत. रोज सकाळी पाणी घातल्यावर बाबा चष्मा लावून प्रत्येक जोड निरखतात, खालून फुटवा आला असेल तर नखाने खुडून टाकतात आणि मगच चहाला येतात.