वाऱ्याचे सात रस्ते

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला सोलापुरातल्या सात रस्त्याच्या चौकात उभं राहिलं की वारा कुठून येतोय ते डोळे मिटूनही सांगता येतं. सकाळपासून निपचित पडलेली हवा एकाएकी हलते. सातांपैकी एका रस्त्याच्या तोंडातून धुळीचा लोट येतो, हातगाड्यांवरचं प्लास्टिक फडफडायला लागतं, अंगाला गार झुळूक लागते आणि पंधरा-वीस मिनिटांत वळवाचा पाऊस कोसळतो. दुचाकीवाले घाईनं घर गाठतात. मी शिडाची होडी चालवायला शिकलो तेव्हापासून अशा वेळी माझं मन उजनी धरणाच्या पाण्याकडे जातं.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ अशीच होती. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीत वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सहा जणांचा जीव गेला, एक जण पोहत काठाला लागला. ती बोट शिडाची नव्हती, इंजिनाची होती. पण पाण्यावरचा वारा बोट कोणती आहे ते बघत नाही. आपल्या जिल्ह्याला एवढं मोठं पाणी मिळालं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याच्या यशवंतसागर जलाशयाची साठवण ११७ टीएमसी आहे. मात्र त्या पाण्यावरचा वारा वाचण्याचं शिक्षण आपण कुणाला दिलं नाही, ही बोच मला आहे. म्हणून हा लेख.

वारा शिकवणारी सगळ्यात चांगली शाळा म्हणजे छोटी कॅटमरान. दोन निमुळती होडकी समांतर ठेवलेली, मध्ये दोन आडव्या दांड्या, त्यांच्यात ताणून बसवलेलं जाड कापड आणि वर एक उंच डोलकाठी. शब्द आपल्या शेजारचाच आहे. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. बांधलेल्या ओंडक्यांचा तो कोळ्यांचा तराफा. त्या शब्दानं जगभर फिरून ऑलिंपिकपर्यंत मजल मारली. १९७६ ते २००८ या काळात टोर्नेडो आणि २०१६ पासून नाक्रा १७ या दोन होडक्यांच्या नौका तिथे धावल्या. मालवणच्या बाजूला होडीला एका अंगानं लाकूड जोडतात, त्याला उलांडी म्हणतात. ती या कॅटमरानची चुलत बहीण. तत्त्व एकच, होडीचं वजन न वाढवता तिला रुंद करायचं.

अमेरिकेत नॅथनिएल हेरेशॉफ यांनी १८७६ मध्ये अ‍ॅमरिलिस नावाची कॅटमरान शर्यतीत उतरवली. तिनं बाकीच्यांना इतकं मागे टाकलं की पुढे अशा नौकांना शर्यतीतूनच बाहेर ठेवलं गेलं. मग १९७० च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसानं वाळूवरून थेट पाण्यात लोटता येईल अशी होबी १६ आणली. आज जगात शिकाऊंच्या हाती सर्वाधिक दिसणाऱ्या नौकांपैकी ती एक. लांबी जेमतेम पाच मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन १४५ किलो, मोठं आणि पुढचं शीड मिळून सुमारे वीस चौरस मीटर. मी मुंबईच्या किनाऱ्यावर शिकलो ते याच होडीवर, म्हणून आकडे तिचेच देतो.

रुंद होडी कलंडत नाही, असा समज घेऊनच माणूस कॅटमरानवर चढतो. तो अर्धाच खरा आहे. तळाशी जड वजन असलेली एका होडक्याची नौका जसजशी कलते तसतसं ते वजन तिला परत खेचतं. कॅटमरानचं उलट आहे. तिची सगळी ताकद सुरुवातीलाच असते. वाऱ्याकडचं होडकं पाण्यातून जरा उचललं गेलं, त्या क्षणी तिचा प्रतिकार सर्वाधिक असतो. त्यानंतर तो कमीच होत जातो आणि डोलकाठी आडवी झाल्यावरच थांबतो. बेसावध माणूस फसतो तो इथे. होडी घट्ट वाटते, घट्ट वाटते आणि मग एकदम जाते.

एक ढोबळ हिशेब मांडतो. सत्तर-सत्तर किलोची दोन माणसं वाऱ्याकडच्या कडेला बसली आहेत. त्यांचं आणि होडीचं वजन मिळून शिडावरचा साधारण सव्वाशे किलोचा आडवा रेटा पेलू शकतं. दहा नॉटचा म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वारा त्या शिडाला साधारण चाळीस किलोनं रेटतो. मजेत चाललंय. आता वारा वीस नॉट झाला. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे रेटा एकशेसाठ किलो. शीड सैल सोडलं नाही तर होडी उलटणारच. एवढं गणित ज्याला पाठ झालं त्याला वाऱ्याबद्दल शौर्य सुचत नाही. नवख्यानं बारा नॉटच्या वर जाऊ नये. पाण्यावर जिकडेतिकडे पांढरा फेस दिसू लागला की शिकाऊंनी किनाऱ्यावर बसून चहा घ्यावा.

जोराच्या वाऱ्यातलं निम्मं काम पाण्यात उतरण्याआधीच संपलेलं असतं. सुरुवात मान वर करून होते. डोलकाठी सव्वीस फुटांच्या वर आणि अ‍ॅल्युमिनियमची. आपल्याकडे धरणकाठानं पंपांसाठी विजेच्या तारा गेलेल्या असतात. डोलकाठी उभी करताना किंवा उभ्या डोलकाठीची होडी ओढत नेताना ती तारेला लागली तर पाण्यात जायची वेळच येत नाही. याच भीतीनं होबीच्या डोलकाठीचा वरचा भाग पुढे वीज न वाहणाऱ्या फायबरचा करण्यात आला. तरी तारा बघायच्याच.

होडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं आणि मग डोलकाठी उभी करायची. सोलापूरकराला उंच काठी तोलणं नवीन नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात आणि तो भार पेलणाऱ्या माणसाच्या कमरेत किती वर्षांचा सराव असतो ते आपण लहानपणापासून बघतो. डोलकाठीला मात्र तसा माणूस नसतो. तिला तीन पोलादी तारा धरून ठेवतात, एक पुढे नाळेकडे म्हणजे होडीच्या टोकाकडे आणि दोन बाजूंना. प्रत्येक तार एका पिनेनं होडक्याला अडकवलेली असते आणि ती पीन निसटू नये म्हणून तिच्या भोकातून किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशी, पण नखाएवढी रिंग ओवलेली असते.

त्या रिंगेची गोष्ट सांगतो. शिकून वर्ष झालं होतं. शिडं चढवून आम्ही दोघं वाळूवर तयार होतो. पाण्यात लोटण्याआधी सोबत्यानं डावीकडच्या तारेवर बोट फिरवलं आणि थांबला. पीन जागेवर होती, रिंग नव्हती. आदल्या दिवशी होडी ओढताना कशात तरी अडकून उपसली गेली असावी. त्यानं पीन चिमटीत धरून नुसती हलवली तर ती अर्धी बाहेर आली. पाण्यावर डाव्या अंगानं वारा भरला असता तर अख्खी डोलकाठी कोसळली असती. तेव्हापासून मी प्रत्येक रिंग बोटानं चाचपतो, नुसती डोळ्यांनी बघत नाही, आणि तिच्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे देतो. सुकाणूच्या पिनांना, आडव्या दांडीच्या बोल्टांनाही तोच नियम. होडक्यांच्या मागच्या बाजूला पाणी काढायची बुचं असतात, ती घट्ट आहेत ना, हेही बोटानंच.

आता शीड. विणकरांच्या गावात हे सांगायला आनंद होतो. चादर उभ्या धाग्याच्या दिशेनं ओढा, आडव्या धाग्याच्या दिशेनं ओढा, फार ताणत नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरकी ओढा, लगेच लांबते. शिडावर वाऱ्याचा ताण नेमका असा तिरकाही येतो. म्हणून शिडाचं पॉलिएस्टर कापड अतिशय दाट विणतात आणि वर राळेचा थर देऊन धागे जागच्या जागी पक्के करतात. तरी कापड जुनं झालं की पोट सुटतं. पोट सुटलेलं शीड मंद वाऱ्यात चालून जातं, जोराच्या वाऱ्यात ते होडीला पुढे नेण्याऐवजी आडवं पाडायला बघतं. त्यावर उपाय म्हणजे डाउनहॉल, शिडाची पुढची कड खाली खेचणारा दोर. जोराच्या वाऱ्यात तो कडेच्या सुरकुत्या जाईपर्यंत खेचायचा. पोट पुढे सरकतं, शीड सपाट होतं. शीड आखूड बांधायची सोय असेल तर तेही काठावरच बांधून घ्यावं. पाण्यावर गेल्यावर सोडणं सोपं असतं, बांधणं नाही.

एक दोर मात्र कधीच बांधायचा नाही. मोठं शीड आवळणारा तो दोर, मेनशीट. त्याच्या कप्पीला दात असलेली पकड असते, त्यात तो अडकवून हात मोकळा ठेवायचा मोह होतो. जोराच्या वाऱ्यात मेनशीट हातात हवी. हात दुखला तर किनाऱ्यावर परतायचं.

पाण्यावरचं शिक्षण समजावून सांगायला मला सात रस्ताच उपयोगी पडतो. कल्पना करा, चौकाच्या मधोमध होडी आहे आणि सातही रस्ते सारख्या अंतरावर फुटले आहेत. त्यातल्या एका रस्त्यानं वारा येतोय. तो रस्ता तुम्हाला बंद. कोणतीच शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही.

त्याच्या दोन्ही अंगांचे रस्ते जेमतेम उघडे. त्यांवरून जाताना शिडं आवळलेली असतात. जोराचा झोत आला तर नाळ किंचित वाऱ्याकडे वळवायची आणि शीड जरा सैल सोडायचं. उचललेलं होडकं हळूच पाण्यावर टेकतं.

पुढचे दोन रस्ते आडव्या वाऱ्याचे. होडी सर्वांत वेगानं पळते ती यांवर आणि उलटतेही बहुधा यांवरच. इथे झोत आल्यावर घाईनं कुठेही वळू नये. वाऱ्याकडे वळलं तर वळणाचा झोक होडीला आणखी कलवतो, वाऱ्यापासून दूर वळलं तर वळता वळता शिडात वारा भरून येतो. इथे एकच उपाय, शीड सोडा. आधी सोडा, मग विचार करा.

उरलेले दोन रस्ते वारा पाठीशी घेऊन जाणारे. हे फसवे. होडी वाऱ्याबरोबरच धावत असल्यानं अंगाला वारा कमी लागतो आणि माणसाला वाटतं, जोर ओसरला. तो ओसरलेला नसतो. परत फिरल्यावर कळतं. इथे झोत आला तर वाऱ्यापासून आणखी दूर वळायचं आणि दोघांनीही मागे सरकून बसायचं. नाही तर खालच्या बाजूच्या होडक्याची नाळ पाण्यात घुसते, होडी जागीच अडते आणि माणसं पुढे फेकली जातात. वाऱ्याला पाठ देऊन वळताना शिडाचा खालचा दांडा एका क्षणात या अंगावरून त्या अंगाला येतो, डोकं फुटू शकतं. जोराच्या वाऱ्यात असं वळण टाळावं, फेरा मोठा पडला तरी वाऱ्याच्या तोंडावरून वळावं.

एवढं करूनही होडी उलटेल. ते धरूनच चालायचं आणि मंद वाऱ्याच्या दिवशी, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटवून सराव करायचा. नियम पहिला, होडी सोडायची नाही. काठ जवळ दिसतो तेवढा जवळ नसतो, आणि पाण्यात एकटं डोकं दिसत नाही, होडी लांबून दिसते. दोघं आहेत ना, बघायचं. मेनशीट आणि पुढच्या शिडाचा दोर मोकळा करायचा. पाण्यात ओढ देऊन होडीची नाळ वाऱ्याकडे फिरवायची. मग वरच्या होडक्यावरून दोर टाकून दोघांनी खालच्या होडक्यावर उभं राहायचं आणि मागे रेलायचं. वारा शिडाखाली शिरला की तोच मदत करतो. होबीला यासाठी दोघांचं मिळून सव्वाशे ते दीडशे किलो वजन लागतं. किरकोळ अंगाच्या दोघांनी सोबतीच्या बोटीशिवाय जाऊच नये. होडी सरळ होताना तिची आडवी दांडी धरून ठेवायची, नाही तर ती माणसांना पाण्यात ठेवून एकटीच निघते.

उजनीत याला आणखी एक पदर आहे. धरणाच्या पोटात जुनी गावं आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर वर येतं, हे आपण दुष्काळाच्या वर्षी बघितलं आहे. उलटलेल्या होडीची सव्वीस फुटी डोलकाठी खाली जाते तेव्हा तिला गाळ, झाडाचं खोड, जुनी भिंत, काहीही भेटू शकतं. अडकलेली डोलकाठी दोन माणसांच्या बळानं सुटत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी असताना कुठे काय आहे ते तिथल्या मच्छीमारांना विचारूनच होडी घालावी. त्यांच्याइतका त्या तळाचा नकाशा कुणाला माहीत नाही.

आणि वळवाचा दिवस असेल तर घालूच नये. ढगातून गार हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर चोहीकडे पसरते, तो हा वारा. तो पावसाच्या पुढे धावतो, दिशा बदलतो आणि काही मिनिटांत दहाचा तीस नॉट होतो. उजनीसारख्या उघड्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. शिवाय विजा, आणि पाण्याच्या पसाऱ्यात सर्वांत उंच वस्तू म्हणजे तुमची डोलकाठी. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा मोबाइलवर मिळतो, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप विजेची सूचना देतं. दोन्ही बघावीत. तरी पश्चिमेला काळं दिसलं आणि अंगाला गार झुळूक लागली, तर मोबाइल खिशात टाकून काठ गाठावा.

माझी मागणी छोटी आहे. उजनीच्या ज्या ज्या धक्क्यावरून माणसं पाण्यावर जातात, तिथे प्रत्येक माणसाला पुरतील एवढी लाइफ जॅकेट असावीत आणि एका उंच काठीवर वारा दाखवणारी कापडी नळी लावलेली असावी. ती फडफडत आडवी झाली की त्या दिवशी कुठलीच होडी सुटायची नाही, मग ती शिडाची असो, इंजिनाची असो की वल्ह्याची. काठी गावाची, कापड सोलापूरचं. पुढचा मे यायच्या आत एवढं होऊ शकतं.